सेराफीनकाकांची सकाळची फेरी

लिंदरबेक,
शनिवार, मार्चअखेर

ती. इर्माकाकूंना,

लीवेनचा वाकून नमस्कार. ग्रीतचाही समजावा. ती या घडीला खालच्या आळीत एका अडलेल्या गाईपाशी आहे आणि तिचा हात खांद्यापर्यंत कामात आहे, म्हणून तिच्या वाटचा नमस्कारही मीच करतो आहे. तुमचा गुडघा कसा आहे? समुद्रावरचा वारा सोसतो का? ब्लांकेनबेर्खला रोज ताजी कोळंबी मिळते आणि तुम्ही ती रोज खाता असं कळलं. ऐकून बरं वाटलं, आणि थोडा हेवाही वाटला (आमच्याकडे अजून पावावर ताजं चीज आणि त्यावर मुळ्याच्या चकत्या, हेच चाललं आहे). नोव्हेंबरात सर्व संतांच्या दिवशी काकांच्या थडग्यावर शेवंती ठेवून आलो, तेव्हापासून तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, याबद्दल रागावू नका. लिहिण्यासारखं फार होतं. कसं लिहावं ते कळत नव्हतं.

बातमी चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. पण नीट सांगायचं तर सुरुवातीपासून सांगावं लागेल, आणि सुरुवातीचं सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुम्ही गाव सोडलंत तेव्हा घरामागच्या शेडमध्ये अठरा पिंपं होती. त्या अठरा पिंपांपायी तुम्हाला उभ्या संसारात एकदाही नवरा वेळेवर जेवायला मिळाला नाही. मी तेव्हा नळ जोडणारा माणूस. काकांनी भट्टी माझ्या हवाली केली ती मी हुशार म्हणून नव्हे, तर तिथला प्रत्येक पाइप मीच कधी ना कधी दुरुस्त केला होता म्हणून. मला काम सोपं वाटलं होतं. गहू आणि सातूचा काढा उकळायचा, माळ्यावरच्या त्या तांब्याच्या उथळ हौदात ओतायचा आणि बाजूला व्हायचं. विरजण हवेतून आपलं आपण पडतं. मग पिंपात भरायचं आणि दोन-तीन वर्षं वाट पाहायची. ज्या धंद्यात मुख्य काम बाजूला होणं हेच आहे, तो आपल्याला जमायला हरकत नाही, असं मी ग्रीतला म्हणालो होतो. (तिने मला नुसतं वरखाली पाहिलं होतं. जनावरांच्या डॉक्टरांना न बोलता तपासायची सवय असते.)

आणि खरंच जमलं. म्हणजे काकांनी भरून ठेवलेली पिंपं होती तोवर जमलं. ब्रुसेल्सच्या एका खानावळवाल्याने सगळी बिअर उचलली, मग दुसऱ्याने मागितली, मग जपानहून एक गृहस्थ आले. त्यांनी माळा पाहिला, कौलं पाहिली, आणि वाशांवरच्या कोळ्यांना कमरेत वाकून नमस्कार केला. काकांचा नियम त्यांना कुणी सांगितला होता कोण जाणे, की कोळ्याला हात लावायचा नाही, तो माश्या खातो, आपल्या घरातला तो एकटा फुकट राबणारा माणूस आहे. तुम्ही झाडू घेऊन माळ्याच्या जिन्याशी उभ्या राहायचात आणि काका वरून नको नको म्हणायचे, ते मला त्या जपानी माणसाच्या पाठीकडे पाहताना आठवलं.

मागणी वाढली तशी मी ओढ्याकाठची बंद पडलेली डेअरी घेतली. पांढऱ्या फरशा, उंच छत, पाण्याचा उत्तम उतार, नळवाल्याचं स्वप्नच. घरची अठरा पिंपं तिकडे हलवली, नवी बावीस घेतली, हौदही नेला. काढा उकळला, ओतला, बाजूला झालो. काहीही झालं नाही. फेस नाही, वास नाही, पिंपाला कान लावला तर थडग्याला लावल्यासारखं. दुसरा घाणा, तिसरा घाणा, तेच. चव घेतली तर उकडलेल्या कणसाचं गार पाणी.

शेवटी ओमेरला बोलावलं. तोच, पिंपं बांधणारा ओमेर, काकांबरोबर कबुतरं उडवायचा तो (आता एक्याऐंशीचा आहे, आणि अजून सायकलवरून उतरताना कुणाचा हात घेत नाही). तो डेअरीत आला, टोपी काढली, त्या पांढऱ्या फरशांकडे पाहिलं आणि म्हणाला की तू सामान आणलंस, घर आणायचं विसरलास. मग त्याच्या देखरेखीखाली आम्ही जुन्या माळ्याची कौलं उतरवली, वासे उतरवले, काळ्या पडलेल्या फळ्या उतरवल्या आणि डेअरीच्या छताखाली जशाच्या तशा बसवल्या. कोळी ग्रीतने गाईंच्या इंजेक्शनच्या खोक्यांतून नेले, प्रत्येक खोक्याला श्वासाची भोकं पाडून. खिळ्यावर टांगलेला काकांचा निळा एप्रनही ओमेरने खिळ्यासकट काढून आणला. त्याची काय गरज, असं मी विचारलं. गरज मला माहीत नाही, पण हा इथे एकटा कशाला ठेवायचा, असं तो म्हणाला.

चौथ्या घाण्याला तिसऱ्या दिवशी फेस आला. पिंपांच्या तोंडातून असा फसफसून आला की ग्रीत चक्क हसली. आम्ही दोघांनी ओमेरच्या गालांचे मुके घेतले. आणि पुढच्या मंगळवारी, सकाळी साडेनऊला, ग्रीतने मागे न बघता मला सांगितलं की लीवेन, तिकडची पिंपं नंतर ठोक, आधी इकडे हात लाव. काकू, मी तिच्या पाठीशीच उभा होतो. माझ्या एका हातात पाव होता आणि दुसऱ्या हातात सुरी.

आम्ही दोघं तसेच ऐकत राहिलो. तीन ठोके. थोडं थांबून, थोडं पुढे, पुन्हा तीन ठोके. बोटाच्या मधल्या पेराने लाकडावर मारल्यासारखे, अगदी सावकाश, घाई नसलेल्या माणसाचे. पिंपांच्या रांगेत कुणी नव्हतं. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं, ओढ्यावर बदकं ओरडत होती, आणि ठोके आमच्या समोरून, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून, एका पिंपावरून दुसऱ्या पिंपावर गेले. ग्रीतच्या हातावर काटा आलेला मी पाहिला. (ती बाई बैलाच्या जबड्यात हात घालते.) पंधरावं म्हणजे घरून आणलेलं, काकांनीच शेवटी भरलेलं, तेव्हा कोवळं म्हणून विकायचं राहिलेलं पिंप; त्याच्याशी चौथा ठोका पडला. त्याचा अर्थ मी तुम्हाला सांगायला नको. तीन ठोके म्हणजे तपासलं, चौथा म्हणजे झालं, आता उघडायला हरकत नाही. शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात काकांनी पलंगाच्या कठड्यावर तीन ठोके मारले आणि कान देऊन पडून राहिले. काही हवंय का, असं नर्सने विचारलं, तेव्हा तुम्हीच तिला म्हणाला होतात की काही नको, ते तपासतायत.

आम्ही पंधराव्या पिंपाच्या फळीतला चाखण्यासाठीचा खिळा उपसून पेलाभर काढली. तशी बिअर मी आयुष्यात प्यालो नव्हतो. पहिला पेला संपेपर्यंत मी भ्यालेला होतो. दुसरा संपल्यावर मी जाऊन खडू आणला.

इथून पुढचं लिहायला मला लाज वाटते, म्हणून भरभर लिहितो. पुढची तीन वर्षं मी रोज सकाळी साडेनऊला खडू घेऊन ठोक्यांच्या मागून फिरलो. जिथे चौथा पडेल तिथे फुली. फुलीची पिंपं एकत्र करायची, बाटल्या भरायच्या. माझं काम एवढंच. बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रात आलं की लिंदरबेकच्या लीवेनला कान आहे. मी ते कात्रण चौकटीत घालून लावलं. कामाला ठेवलेल्या माणसांनी आवाजाबद्दल विचारलं तेव्हा मी सांगितलं की पाइपात हवा अडकते. तीस वर्षं नळाचं काम केलेल्या माणसाने असं सांगितलं की कुणी पुढे विचारत नाही. आणि मी वाढवत गेलो. चाळिसाची नव्वद, नव्वदाची दोनशे. शेजारचं गोदाम घेतलं, मधली भिंत पाडली. काकांना पहिल्या दिवसापासून नवी रांग सापडायची, मला मुद्दाम सांगावं लागत नसे.

ग्रीतच्या लक्षात आधी आलं. चाळीस पिंपं असताना ठोके दुपारची घंटा व्हायच्या आत संपायचे. नव्वद झाली तेव्हा दोन वाजायचे. दोनशे झाल्यावर हिवाळ्यात दिवे लावायची वेळ आली तरी गोदामाच्या टोकाकडे ठक, ठक चाललेलंच. तीनाचे दोन झाले होते. मधला थांबा लांबत चालला होता, आणि त्या थांब्यात, शंभराव्या पिंपाच्या आसपास, कुणीतरी पिंपावर तळहात टेकवून उभं राहावं तसा लाकडाचा बारीक करकर आवाज यायचा. रविवारीसुद्धा. रविवारी काकांनी भट्टीत पाऊल टाकलेलं तुम्ही कधी पाहिलंत का? कबुतरं सोडून ते कुठे जायचे?

एके दिवशी ग्रीतने गाई तपासायची नळी कानाला लावली आणि ठोक्यांबरोबर पिंपापिंपाने चालत गेली. मी खडू घेऊन मागे. शेवटी तिने नळी गळ्यात अडकवली आणि जनावराचं दुखणं सांगताना मालकांशी बोलते तशा आवाजात म्हणाली, "हा माणूस दमलाय, लीवेन."

मी म्हटलं की ते आपल्या मर्जीने येतात, मी काही बोलवायला जात नाही.

"त्यांना एकही पिंप तसंच सोडून जाता येत नाही. हे तुला माहीत आहे, म्हणून तू पिंपं वाढवतोस. एवढं काम घोड्याकडून घेतलं असतंस ना, तर मीच तुझी तक्रार केली असती."

त्यानंतर आठ दिवस आमच्या घरात फक्त कुत्र्याशी बोलणं होत होतं. आणि मी काय केलं असेल? जानेवारीत, तीन राजांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी फ्रान्सहून आणखी साठ पिंपं आणली. (मागवून ठेवली होती, काकू. खरं सांगतो, आधीच मागवली होती. ग्रीतचा यावर विश्वास नाही.)

त्या सकाळी साडेनऊला फेरी सुरू झाली. एक, दोन, तीन... ठोके इतके हळू होते की मी खडू खिशात ठेवून नुसता कान देऊन चालत होतो. एकशे बाराव्या पिंपाशी एक ठोका पडला आणि मग काहीच नाही. मी वाट पाहिली. तिथे भिंतीशी रिकाम्या बाटल्यांचा लाकडी क्रेट उपडा ठेवलेला होता. माझ्या डोळ्यांसमोर, भर उजेडात, त्या क्रेटच्या फळ्या हळूच खाली वाकल्या. कुणीतरी बसल्यावर वाकतात तशा. वजन फार नव्हतं.

 काका समोर बसले आहेत आणि पुढे एकशे अठ्ठेचाळीस पिंपं उरली आहेत, आणि ते त्यांच्याकडे बघतायत, एवढंच डोक्यात होतं. मला रडू आलं. लहानपणी कबुतरखान्याची शिडी ते धरून ठेवायचे, मला त्यांचे हात दिसायचे नाहीत पण शिडी हलायची नाही. मी म्हणालो, "काका, राहू द्या. पुढचं मी बघतो."

आणि एकशे तेराव्या पिंपावर मी तीन ठोके मारले.

काही कळलं नाही. अनोळखी घराचं दार वाजवल्यासारखं झालं. काकांनी मला हे शिकवायचा एकदा प्रयत्न केला होता, मी बत्तीस वर्षांचा असताना. तेव्हा मी त्यांच्या मागे उभा राहून फोनवर फुटबॉलचा निकाल बघत होतो. पण त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत ठोकत गेलो. क्रेटच्या फळ्या शेवटपर्यंत वाकलेल्याच होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच: एकशे बारापर्यंत ते, पुढे मी. त्या आठवड्यातच ती साठ पिंपं परत पाठवली. ओमेरला शिकवायला बसवलं. तो खुर्चीत बसून मी चुकलो की नुसता खांदे हलवून हसायचा, आणि मी सारखा चुकत होतो. मी फुली मारलेलं एक अख्खं पिंप आंबट व्हिनेगर निघालं, ते गटारात ओतताना माझ्या कामगारांनी दुसरीकडे पाहिलं. बोटाचं पेर सुजलं. ग्रीतने त्याला घोड्यांचं मलम लावलं. आमच्यातलं बोलणं त्यावरूनच सुरू झालं.

तिसऱ्या आठवड्यात एकशे चाळिसाव्या पिंपावर तीन ठोके मारले आणि हात थांबेना. चौथा आपोआप पडला. आवाज वेगळा होता, काकू. कसा ते सांगता येणार नाही. माणूस खोलीत आहे की नाही हे दाराबाहेरून कळतं, तसा काहीसा. आणि माझ्या पाठीमागून, क्रेटच्या बाजूने, एकच ठोका आला. ओमेर म्हणाला की त्याने काही ऐकलं नाही. मग त्याने टोपी काढली आणि बराच वेळ मांडीवर धरून बसला.

तेव्हापासून काकांची फेरी आखडत गेली. दुसऱ्या दिवशी ते शंभराला थांबले, मग ऐंशीला, मग चाळिसाला, आणि जिथे ते थांबत तिथून मी पुढे. कधीकधी मी त्यांच्या अगदी मागेच असे. त्यांचा ठोका, मग माझा, एकाच लाकडावर. गेल्या सोमवारी त्यांनी फक्त पहिलं पिंप तपासलं. तीन ठोके, पहिल्यासारखे, सावकाश. चौथा नाही (पडायला नकोच होता, ते पिंप अजून कोवळं आहे). मग डेअरीत इतकं शांत झालं की आत घोंगावणारी माशीही ऐकू येत होती. तेव्हापासून एकही ठोका नाही.

तर चांगली बातमी ही, की भट्टी आता वाढणार नाही. साडेनऊला सुरू केलं तर दुपारच्या घंटेपर्यंत माझी एकशे वीस पिंपं तपासून होतात. तेवढीच ठेवणार, गोदाम परत देऊन टाकणार. जपानी गृहस्थांना तसं कळवलं. त्यांचं उत्तर आलं आहे, त्यात फक्त कोळ्यांची खुशाली विचारली आहे. काका सुटले, आणि मीही सुटलो. तुम्ही मनात काही आणू नका, औषधं वेळेवर घ्या, वाऱ्यात बसू नका. तुमच्याकडून मला काहीही नको, फक्त आशीर्वाद असू द्यावा.

तुमचा आज्ञाधारक पुतण्या,
लीवेन

ता. क. एकशे बारावं पिंप मी अजून उघडलेलं नाही. तिथे काकांनी एकच ठोका मारला आणि ते बसले. तो ठोका तपासणीचा होता, की दुसरं काही सांगायचं होतं, ते मला कळत नाही. मी स्वतः चाळीसेक वेळा ठोकून पाहिलं. दर वेळी आवाज निराळा येतो. असो. तुम्हाला यात ओढण्याचा हेतू नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच टपालवाला तुमचं कार्ड देऊन गेला. तुमच्या खोलीतल्या मोठ्या लाकडी कपाटावर मंगळवारपासून रोज सकाळी कुणीतरी ठोकतंय, एका फळीवरून दुसऱ्या फळीवर, आणि इमारतीच्या माणसाने येऊन पाहिलं तर वाळवीसुद्धा नाही. काकू, तुम्ही पुन्हा त्या माणसाला बोलवू नका. घाबरू तर मुळीच नका. ते तुमच्याकडे आले असतील तर याहून चांगलं काय? त्यांना निवांत बसू द्या. फक्त, ते खुशीत आहेत असं वाटलं, आणि तुम्हाला जड जाणार नसेल, तर सहज बोलता बोलता एवढं विचाराल का, की एकशे बाराचं काय, उघडू का? हो असेल तर एक ठोका, नाही असेल तर दोन. उलट टपाली कळवावं. घाई नाही. गुरुवारपर्यंत कळलं तर बरं.

ता. क. ३. (ग्रीतच्या हातचं) इर्माकाकू, गाय आणि वासरू दोन्ही ठीक आहेत. पाकीट उघडंच होतं, म्हणून वाचलं. एकशे बारा मी महिन्यापूर्वीच चाखलंय, लीवेनला सांगितलेलं नाही. साधी, बरी बिअर आहे, त्यात काहीही नाही. काका तिथे थांबले ते दमले होते म्हणून. त्यांना काही विचारू नका. आणि तुमच्या कपाटाला फळ्या जास्त असतील, तर सकाळी एक-दोन दारं उघडी ठेवत जा, म्हणजे आतलं दिसेल, तेवढं ठोकावं लागणार नाही आणि त्यांचं लवकर आटपेल.